त्याची मान गेली

“हो, तिनेच सांगितलं. लिहून कळवलं मला,” असे आजोबा मराठीत म्हणाले आणि त्यांनी टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले. रेकॉर्डिंगचे मशीन चालू होते. त्यांच्या वकिलाने पेन खाली ठेवले. आमच्या इन्स्पेक्टरला मराठीचे अक्षर कळत नव्हते, पण म्हाताऱ्याचा चेहरा त्याने वाचला आणि मला विचारले, “काय म्हणाले?” रेकॉर्डिंगसाठी ते वाक्य इंग्रजीत सांगणे मला भाग होते. मी सांगितले. तीन दारे पलीकडे कोठडीत त्यांची नात बसली होती. तिची नोकरी, तिचे रजिस्ट्रेशन आणि बहुधा पुढचे एखादे वर्ष त्या वाक्याबरोबर गेले, असे खोलीतल्या प्रत्येकाला वाटले. मलाही वाटले. तो दिवस आठवला की आजही माझे डोके फिरते, कारण म्हातारा मनापासून खरे बोलत होता आणि ते खरे नव्हते.

मी लंडनच्या पोलीस दलात तीस वर्षे नोकरी केली. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत. त्यानंतर आईवडिलांबरोबर हाउन्सलोला आले. इथल्या शाळेत इंग्रजी कळेपर्यंत मागच्या बाकावर बसून होते, आणि कळायला लागले तेव्हा शाळा सोडायची वेळ झाली. भरतीची परीक्षा मात्र पास झाले. निवृत्तीनंतर माणसे कमी पडतात म्हणून दलाने मला साध्या कपड्यातली तपासनीस म्हणून परत बोलावले. हे प्रकरण त्या काळातले. नावे कोणाचीच देत नाही.

प्रकरण सुरू झाले एका अमेरिकन खेळाडूपासून. तिकडच्या फुटबॉलचे सामने आता लंडनमध्येही होतात. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक माणूस असतो. चेंडू त्याच्या हातून सुटतो आणि बाकीचे त्याच्या सांगण्याने पळतात. तो चांगला असेल तर संघ चालतो, तो गेला तर संघ बसतो. हा क्वार्टरबॅक त्या वर्षीचा सगळ्यात मोठा तारा होता आणि त्याचा संघ कप जिंकणार असे सगळे धरून चालले होते. रविवारी लंडनच्या सामन्यात तो आदळला आणि मानेवर हात ठेवून बाहेर गेला. संघाने सांगितले, किरकोळ आहे. सोमवारी एका खाजगी हॉस्पिटलात त्याचे स्कॅन झाले. दहा दिवसांनी त्याने जाहीर केले की तो खेळ सोडतो आहे. वय तिशीच्या आत. त्याच्या संघावर पैसे लावणाऱ्यांना काल मोजून मापून भाव मिळत होता, आज वाटेल तो भाव मिळायला लागला, आणि तरी कोणी लावेना.

दुसऱ्याच दिवशी बेटिंगच्या दुकानांच्या एका कंपनीची तक्रार आमच्याकडे आली. तो खेळाडू पुढच्या मोसमाआधी निवृत्त होईल, अशी पैज स्कॅनच्या दुसऱ्या दिवशी तीन दुकानांत कोणीतरी लावली होती. हाउन्सलोत, ईलिंगमध्ये आणि पिनरजवळ. तेव्हा त्या पैजेला कोणी विचारत नव्हते, त्यामुळे भाव एकाला चाळीस होता. हाउन्सलोच्या मॅनेजर बाईने आम्हाला कॅमेऱ्यातले चित्र दाखवले. कानटोपी घातलेला, ऐंशीला टेकलेला मराठी म्हातारा काउंटरवर चष्मा पुसत उभा होता.

“रोज येतात. घोड्यावर एक पाउंड लावतात आणि पेन घेऊन जातात,” ती म्हणाली. “त्या दिवशी पहिल्यांदा पेन ठेवून गेले. म्हणून लक्षात राहिलं.”

माणूस सापडायला अर्धा दिवस पुरला. एअरपोर्टवर सामानाच्या विभागात आयुष्य काढलेला, आता पिनरमध्ये मुलाकडे राहणारा. आणि घरात नात. ती रेडिओग्राफर, म्हणजे स्कॅनचे यंत्र चालवणारी. कुठल्या हॉस्पिटलात? त्याच. सोमवारी ड्यूटीवर होती का? होती. इन्स्पेक्टरने फाइल मिटली आणि म्हणाला, “जेवणाच्या सुट्टीआधी संपेल हे.” हे वाक्य मी नोकरीत अनेकदा ऐकले आहे आणि दर वेळी संध्याकाळी उशिरा घरी गेले आहे.

सकाळी सातला आम्ही दार वाजवले. सुनेने उघडले. नात कामावर जायच्या कपड्यात जिन्यावर उभी होती, हातात टोस्ट. अटक करताना म्हणायचे वाक्य इन्स्पेक्टरने म्हटले: रुग्णाची गुप्त माहिती फोडून जुगारात फसवणूक केल्याचा संशय. तिने टोस्ट जिन्याच्या कठड्यावर ठेवला. मागून आजोबा आले.

“तिला कशाला नेता? मी लावली पैज. मला न्या.”

“तुम्हालाही नेणार आहोत,” मी म्हटले.

“तुम्ही मराठी?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. “मग काकू, तुम्ही तरी सांगा ना यांना.”

“मी इथे कोणाची काकू नाही. औषधं घ्या बरोबर आणि कोट घाला.”

दोघांचे फोन जप्त केले. त्याच दुपारी हॉस्पिटलने नातीला निलंबित केले आणि तिच्या रजिस्ट्रेशनच्या कौन्सिलला कळवले. गुन्हा सिद्ध झाला तर तिला पुन्हा कुठल्याही हॉस्पिटलात यंत्राला हात लावता येणार नव्हता. सव्वीस वर्षांची मुलगी, तिला दुसरे काही येत नव्हते.

आता चौकशी. आजोबा पहिल्यांदा म्हणाले, स्वप्न पडले. मग म्हणाले, टीव्हीवर तो पडला तेव्हाच मला कळले, मी हे बघत आलोय. मी विचारले, मग तीन दुकानांत का गेलात? तर म्हणाले, “एका दुकानात असल्या पैजेवर जास्त घेत नाहीत. आणि बस फुकट आहे मला. घरी बसून काय करू?” माझ्या अनुभवात एक कारण सांगणारा माणूस खरे बोलत असू शकतो. चार कारणे सांगणारा कोणाला तरी वाचवत असतो.

नातीची गोष्ट याहून त्रासदायक. तिच्या वकिलाने तिला सांगितले होते की प्रत्येक प्रश्नाला ‘नो कॉमेंट’ म्हण. ती म्हणत राहिली. हॉस्पिटलच्या संगणकाच्या नोंदीत तिने त्या खेळाडूची फाइल उघडल्याचे दिसत नव्हते. हे तिच्या बाजूचे होते, पण तेही तिने स्वतः सांगितले नाही. इन्स्पेक्टर म्हणाला, दुसऱ्याच्या खांद्यावरून पडदा पाहिला असेल.

मग दुभाषी बाईंचा कागद आला. आजोबा आणि नात एकमेकांना फक्त मराठीत मेसेज लिहीत. तो आजोबांचा नियम होता. फोनमधले मेसेज थेट दुभाष्याकडे गेले आणि आमच्या फाइलला त्यांचे इंग्रजी लागले. मी वाचून देते म्हटले होते. इन्स्पेक्टर म्हणाला, “तुझ्याकडे मराठीचं सर्टिफिकेट आहे का? उद्या कोर्टात विचारतील.” नव्हते. माझ्याकडे फक्त मराठी होते. मीही पुढे आग्रह धरला नाही आणि मूळ मेसेज मागवले नाहीत. ती चूक माझी, ती मी कोणावर ढकलत नाही.

कागदावर होते ते असे. सोमवारी सकाळी आजोबांनी विचारले होते: ‘तो तुझ्या हॉस्पिटलात आलाय म्हणे. टीव्हीवर दाखवलं. काय झालंय त्याला?’ नातीने उत्तर दिले नव्हते. संध्याकाळी आठच्या सुमारास तिचा मेसेज, बरोबर त्या प्रश्नाच्या खाली: ‘त्याची मान गेली. आता तो परत उभा राहणार नाही. कुणाला सांगू नका.’ दुभाषी बाईंनी याचे चोख इंग्रजी केले होते. मान म्हणजे डोक्याखालची.

इन्स्पेक्टरने ते इंग्रजी तिच्यापुढे सरकवले. तिने दोनदा वाचले. पहिल्यांदाच ‘नो कॉमेंट’ सोडून बोलली: “मी असं काही लिहिलेलंच नाही.”

“तुझ्या फोनमधून आलंय.”

“असेल. मी नाही लिहिलं.”

वकिलाने तिच्या दंडावर हात ठेवला. इन्स्पेक्टरने माझ्याकडे असे पाहिले, की बघ, आता उघड उघड खोटे. मीही तसेच समजले.

आजोबांना तोच कागद दाखवला. इन्स्पेक्टर म्हणाला, आता लपवून उपयोग नाही, खरे सांगितलेत तर तिला थोडे सोपे जाईल. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा काढला, आणि वर सांगितले ते वाक्य म्हणाले. तिला सोपे जावे म्हणून म्हणाले. मशीनमध्ये ते कायमचे गेले.

आरोप न ठेवता कोठडीत ठेवायला चोवीस तास मिळतात, त्यातले अकरा संपले होते. मधल्या वेळात कोठडीचा सार्जंट म्हणाला, ती मुलगी काही खात नाही, तू तिच्या भाषेत बोलून बघ. मी चहा घेऊन गेले. ती बाकावर पाय वर घेऊन बसली होती. तिच्या बोटांवर शाई नव्हती, आता ठसे काचेवर घेतात, पण ती बोटे पुसतच होती.

“चहा घे. बिस्किट खा. केसबद्दल माझ्याशी बोलायचं नाही, नियम आहे.”

“मी काही बोलत नाही काकू. बोलून काय? माझी मान गेली आज.”

“दुखते का? डॉक्टर बोलावू?”

“दुखत नाही.” तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मीच मंद आहे. “मान. लोकांमध्ये. मंडळात सगळ्यांना कळलंय, पोलीस आले घरी म्हणून. ममीची मान गेली, माझी पण गेली. कुणी विचारणार नाही आता आम्हाला.”

चहाचा कप माझ्याच हातात राहिला.

ज्यांना मराठी येते त्यांना समजावून सांगायची गरज नाही, पण मला ते त्या संध्याकाळी दोन तास इन्स्पेक्टरला समजवावे लागले, म्हणून इथेही सांगते. ती मान म्हणजे शरीराची. तो मान म्हणजे लोक देतात तो. मान गेली म्हणजे मणका गेला. मान गेला म्हणजे इज्जत गेली. शब्द एकच, एका वेलांटीचा आणि एका कान्याचा फरक. आणि ही मुलगी इज्जतीला ‘ती मान’ म्हणत होती.

“पुढे एक शब्द बोलू नकोस,” मी म्हटले. “तुझ्या वकिलाला बोलावते. तो आल्यावर बोलशील. आणि त्याने नो कॉमेंट म्हण असं सांगितलं तर त्याला सांग, काकूंनी तुमचे कान उपटायला सांगितलेत.”

“तुम्ही म्हणाला होता, तुम्ही काकू नाही.”

“बिस्किट खा.”

इन्स्पेक्टर ऐकायला तयार नव्हता. व्याकरणावरून अटक मागे घेतलेली त्याने कधी पाहिली नव्हती. मी म्हटले, मीही नाही, पण मूळ मेसेज पडद्यावर आणा. वकील आला. मशीन चालू झाले. या वेळी मी तिच्यापुढे इंग्रजी नाही, तिचीच मराठी अक्षरे ठेवली.

तिने एक सेकंद पाहिले. “हे? हे तर काकाचं आहे!”

“कोणत्या काकाचं?”

“माझा काका. पप्पांचा भाऊ. त्या दिवशी मंडळाची एजीएम होती ईलिंगला. सोमवारीच हॉल मिळतो. काका सेक्रेटरीला उभा होता आणि त्याला अकराच व्होट्स मिळाली. समोर बसलेल्या एकाने हसून टाळी वाजवली. काका कार पार्कमध्ये जाऊन रडला. म्हणून मी आजोबांना लिहिलं की त्याची मान गेली, आता परत उभा राहणार नाही, इलेक्शनला. आणि कुणाला सांगू नका, तो रडला म्हणून.” मग ती थांबली आणि तिने तो मेसेज पुन्हा वाचला. त्याच्यावरचा आजोबांचा सकाळचा प्रश्नही वाचला. “ओ माय गॉड,” ती म्हणाली. “ओ माय गॉड, आजोबा.”

वकिलाने तोंडावर हात धरला होता. हसत होता की काय, मला सांगता येणार नाही.

गोष्ट चांगली होती, पण चांगल्या गोष्टी सांगणारे आरोपी मी पुष्कळ पाहिले आहेत. पुरावा हवा होता. तिला जामिनावर सोडले आणि मी तिचे आणि आजोबांचे दोन वर्षांचे मेसेज वाचायला बसले. चार दिवस वाचले. त्यात डोसा कसा केला, बस किती उशिरा आली, हवा कशी घाण आहे, एवढेच. आजोबा तिची प्रत्येक चूक लाल बदामासारखे काहीतरी चिन्ह टाकून दुरुस्त करत. ‘माझं चहा’ नाही, ‘माझा चहा’. ‘मोठी घर’ नाही, ‘मोठं घर’. असे शेकड्याने.

तिसऱ्या दिवशी सापडले. सहा महिन्यांपूर्वी कामावर तिची मान आखडली होती आणि तिने लिहिले होते, ‘माझा मान दुखतो.’ आजोबांचे उत्तर: ‘मान स्त्रीलिंगी. माझी मान दुखते. लक्षात ठेव.’ तिने लक्षात ठेवले. त्याआधी ती ‘मान मिळाला’ लिहीत होती, जे बरोबर होते. त्यानंतर हॉस्पिटलात बक्षीस मिळाले तेव्हा ‘मोठी मान मिळाली’. मैत्रिणीच्या लग्नात ‘आम्हाला काहीच मान दिली नाही’. एकदाही चुकली नाही. एरवी दुरुस्त करणाऱ्या आजोबांनी तेव्हा काहीच कसे म्हटले नाही? त्या दोन्ही मेसेजच्या वेळी ते भारतात होते आणि तिकडून फक्त फुलांची चित्रे पाठवत होते. मग परत आले, आणि ‘त्याची मान गेली’ वाचले. त्यात व्याकरणाची चूक नव्हती. दुरुस्त काय करणार? ते सरळ बस स्टॉपवर गेले.

काकांचा जबाब घ्यायला मी हाउन्सलोला गेले. तो अध्याय वेगळाच.

“मी हरलो नाही,” काका म्हणाले. “मी लोकांना संधी दिली दुसरा माणूस निवडायची.”

“अकरा मतं पडली का?”

“तेरा. दोन बाद केली त्यांनी.”

“तुम्ही रडलात का?”

“हे लिहिणार आहात?”

“तुमची पुतणी तुरुंगात जायची थांबेल.”

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, “लिहा. कार पार्कमध्ये. पाच मिनिटं.” त्यांनी सही केली. मंडळाच्या सभेचा वृत्तांतही आम्ही मागवला. वेळ, मते, सगळे जुळले. दुभाषी बाईंनीही नवा जबाब दिला की दोन्ही अर्थ शक्य आहेत. त्यांच्या आधीच्या भाषांतरात एका अक्षराची चूक नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

नातीवरची कारवाई थांबली. हॉस्पिटलने परत घेतले, कौन्सिलने फाइल बंद केली. आजोबांचे काय करायचे यावर सरकारी वकिलांनी तीन आठवडे डोके खाजवले. त्यांनी गुप्त माहिती वापरली असे समजून पैज लावली होती, पण माहिती नव्हतीच. होता तो त्यांच्या मुलाच्या पराभवाचा निरोप. शेवटी कडक ताकीद देऊन सोडले. कंपनीने पैज रद्द केली आणि लावलेले पैसे परत दिले. त्यावर आजोबांनी स्टेशनच्या काउंटरवर माझ्याशी वाद घातला.

“तिने सांगितलं नाही ना? तुम्हीच सिद्ध केलंत ना? मग तो माझा अंदाज झाला. मग जिंकलेले द्यायला नकोत?”

“आजोबा, घरी जा.”

नात बाहेरच्या बाकावर त्यांचा कोट घेऊन बसली होती. ते तिच्याजवळ गेले. मी कागद लावत होते, पण ऐकू येत होते.

“मी तुझं नाव घेतलं तिथं,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुला सोपं जाईल.”

“तुम्हाला वाटलं की मी पेशंटचं सांगितलं. मी?”

“लिहिलं होतंस ना तसं.”

“फोन करून विचारायचं ना, आजोबा! एकदा विचारायचं. तुम्ही मला विचारलं नाही आणि शॉपमध्ये गेलात. तीन शॉपमध्ये.”

आजोबांनी चष्मा पुसला. माफी मागतील असे मला वाटले. ते म्हणाले, “मान गेला, असं लिहायला हवं होतंस.”

ती उठली, त्यांना कोट घातला, बटणे लावली आणि दार उघडून धरले.

या प्रकरणानंतर मी स्टेशनवर एक गोष्ट पदरात पाडून घेतली. परक्या भाषेतला कागद असेल तर आरोपीला आधी मूळ दाखवायचा, भाषांतर नंतर. इन्स्पेक्टरने कुरकुर केली, पण सूचना निघाली. मुलगी ‘मी हे लिहिलंच नाही’ म्हणाली तेव्हा ती खरे बोलत होती, आणि तिथे तिची भाषा येणारी एकटी मी बसले होते. मी सर्टिफिकेटच्या मागे लपले. इतकी वर्षे नोकरी करून मला एवढे कळायला हवे होते की नाकारणारा माणूस नक्की काय नाकारतो आहे, ते आधी विचारावे. माणसाला माहिती नको असते, त्याला हवे ते ऐकायचे असते, हेही त्या म्हाताऱ्याने दाखवले. आम्हीही त्याच्याहून वेगळे वागलो नाही.

त्या खेळाडूची मान बरी झाली असे ऐकते. काका पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले. नात त्याच हॉस्पिटलात काम करते. आजोबा जिवंत आहेत, तब्येत ठीक आहे. ती त्यांना रोज मेसेज करते, इंग्रजीत.